शेर्पामध्ये मॉडेल फिटचे रेसिड्युअल फाइलमध्ये कसे साठवायचे?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चंद्रा या अंतराळ दुर्बिणीच्या अर्काइव्हमधला एका सक्रिय दीर्घिकेचा एक्स-रे स्पेक्ट्रम घेतला आहे. रेडशिफ्ट (दूर जाण्यामुळे प्रकाशाची ऊर्जा किती कमी दिसते त्याचं माप) ०.०३. एकाच दीर्घिकेची दोन वेगवेगळ्या काळातली निरीक्षणं आहेत. चाओ (चंद्राच्या डेटासाठीचं सॉफ्टवेअर) बसवलं आहे आणि त्यासोबत येणाऱ्या शेर्पामध्ये फिटिंग करते, म्हणजे डेटावर मॉडेल बसवते. मॉडेल साधंच ठेवलंय, वाटेतल्या वायूचं शोषण गुणिले पॉवर लॉ (ऊर्जेच्या घातांकाने बदलणारा वक्र). ०.५ ते ७ केईव्ही (एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक) एवढाच पट्टा घेतलाय आणि दर बिनमध्ये (ऊर्जेच्या कप्प्यात) निदान १५ काउंट (मोजलेले फोटॉन) येतील असं ग्रुपिंग केलंय.

फिट बरा बसतो. पण खालच्या चौकटीत, जिथे रेसिड्युअल (डेटा आणि मॉडेल यांतला फरक) दिसतात तिथे, ६ केईव्हीच्या थोडं पुढे काही बिंदू सलग शून्यरेषेच्या वर आहेत. सरांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "चित्र राहू दे, आकडे दे. दोन्ही निरीक्षणांचे आकडे एकाखाली एक मांडून बघू."

तिथून अडलंय. सेव्ह_रेसिड ही आज्ञा सापडली, पण

- फाइल एडिटरमध्ये उघडली तर पहिल्या काही ओळी वाचता येतात, पुढे नुसती अगम्य चिन्हं.
- तीच आज्ञा पुन्हा दिली की फाइल आधीच आहे म्हणून एरर.
- मूळ स्पेक्ट्रममध्ये १०२४ चॅनल आहेत, फाइलमध्ये ओळी त्यापेक्षा कितीतरी कमी.
- सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पडद्यावर जो बिंदू २.५ वर दिसतो, त्याच्यापुढे फाइलमध्ये शून्य दशांश काहीतरी बारीक आकडा आहे.

कॉलेजात हे सॉफ्टवेअर वापरणारं दुसरं कुणी नाही, म्हणून इथे विचारते.

---

पोवईनाका (सातारा)

चारही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत, एकेक घेऊ. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.

अगम्य चिन्हं: सेव्ह_रेसिड मुळात फिट्स फॉरमॅटमध्ये लिहितं. खगोलशास्त्रात १९८१ पासून चालत आलेला हाच तो फॉरमॅट: वर वाचता येणारा हेडर, खाली बायनरी तक्ता. तुला साधा मजकूर हवा असेल तर सांगावं लागतं:

सेव्ह_रेसिड("निरीक्षण१_फरक.डॅट", एस्की=ट्रू)

फाइल आधीच आहे: क्लॉबर=ट्रू जोडलं की जुनी पुसून नवी लिहिली जाते. पण ही सवय लावून घेऊ नकोस. शेर्पा आपणहून जुनी फाइल पुसत नाही हे चांगलंच आहे. फिट बदललास की नाव बदल.

ओळी कमी: तू ग्रुपिंग केलंस म्हणजे अनेक चॅनल मिळून एक बिन झाला, शिवाय नोटीस (ठरावीक पट्टाच घेण्याची आज्ञा) लावून ०.५ ते ७ चाच भाग ठेवलास. फाइलमध्ये तेवढंच येतं. लपवलेला भाग फाइलमध्ये जात नाही. याकडे लक्ष ठेव, पुढे कामाला येईल.

आकडे जुळत नाहीत: पडद्यावर तू प्लॉट_फिट_डेलकाय काढला असणार. डेलकाय म्हणजे (डेटा वजा मॉडेल) भागिले एरर. सेव्ह_रेसिड मात्र नुसतं डेटा वजा मॉडेल लिहितं, तेही प्लॉटच्या एककात. तुझ्याकडे ते काउंट दर सेकंद दर केईव्ही असेल, म्हणून बारीक आकडे. पडद्यावरचेच आकडे हवे असतील तर सेव्ह_डेलकाय वापर, बाकी सगळं तसंच.

---

विश्रामबागकर

हो, प्लॉट डेलकायचाच होता! सेव्ह_डेलकाय चालवलं, आकडे जुळले. खूप आभार.

आता प्रश्न असा की सरांना यातलं काय देऊ? रेसिड की डेलकाय? फाइलमध्ये दोनच रकाने येतात, एक्स आणि किंमत.

---

माहुलीकर (सातारा)

मुली, दोन्ही दे. आणि एररचा तिसरा रकाना दिल्याशिवाय देऊ नकोस.

मी आयुष्यभर बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, हे सॉफ्टवेअर माझ्या हाताखालचं नाही. पण फरक आणि फरकाचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना शिकवताना मी सांगलीच्या आयर्विन पुलाचंच उदाहरण द्यायचो. कोयनेतून किती पाणी सोडलं यावरून पुलापाशी ४० फूट पातळी येईल असा अंदाज केला आणि प्रत्यक्ष ४१ फूट भरली, तर फरक एक फूट. पट्टी इंचभराच्या अचूकतेने वाचता येत असेल तर हा एक फूट मोठा, अंदाजाच्या गणितात काहीतरी सुटलंय. लाटांमुळे पट्टी वाचण्यातच दोन फुटांची अनिश्चितता असेल तर त्याच एका फुटाला काही अर्थ नाही.

तुझ्या स्पेक्ट्रमचंही हेच. एका बिनमध्ये १०० काउंट आले, मॉडेल म्हणतं ८१. फरक १९, एरर साधारण १०, म्हणजे डेलकाय १.९. दुसऱ्या बिनमध्ये १६ आले, मॉडेल म्हणतं ६. फरक फक्त १०, एरर ४, म्हणजे डेलकाय २.५. नुसता फरक पाहिलास तर पहिला बिन मोठा वाटेल, डेलकाय पाहिलंस तर दुसरा. तुझा उंचवटा ६ केईव्हीच्या पुढे आहे, तिथे काउंट कमीच असणार. रेसिडच्या रकान्यात तो १ केईव्हीजवळच्या साध्या चढउतारात बुडून जाईल.

---

पोवईनाका

माहुलीकर सरांनी आकड्यांत नेमकं मांडलं. तिसरा रकाना असा मिळेल:

आर = गेट_रेसिड_प्लॉट()
सेव्ह_अ‍ॅरेज("निरीक्षण१.डॅट", [आर.एक्स, आर.एक्सएरर, आर.वाय, आर.वायएरर], ["एनर्जी", "रुंदी", "रेसिड", "एरर"], एस्की=ट्रू)

गेट_रेसिड_प्लॉट म्हणजे पडद्यावरच्या चित्रामागचे आकडे. त्यात एररसुद्धा असतो, सेव्ह_रेसिड तेवढा लिहीत नाही. गेट_डेलकाय_प्लॉट, गेट_रेशो_प्लॉट (डेटा भागिले मॉडेल) हेही असंच चालतं, त्यामुळे सगळे रकाने एकाच फाइलमध्ये बसवता येतील. एक्सएररमध्ये बिनची पूर्ण रुंदी आहे की निम्मी, हे एका बिनवर हाताने पडताळून घे, मगच सरांना पाठव.

मात्र माझं मत वेगळं आहे. रेसिड्युअल साठवूच नयेत. मूळ डेटा आणि फिटची स्क्रिप्ट जपली की रेसिड्युअल केव्हाही पुन्हा काढता येतात. शेर्पात सेव्ह_ऑल आहे, ते सगळं सत्र पायथनच्या आज्ञांमध्ये लिहून देतं. जे दोन मिनिटांत पुन्हा बनवता येतं त्याच्या दहा फाइली डिस्कवर ठेवल्या की कोणती खरी हेच कळेनासं होतं. मी रोज सॉफ्टवेअरमध्ये हेच निस्तरतो.

---

तासगावचा_अनिल (सांगली जिल्हा)

पोवईनाका, असहमत. स्क्रिप्ट ठेवावीच, पण तीच स्क्रिप्ट दोन वर्षांनी चालवली की तेच आकडे येतील याची हमी नाही. मधल्या काळात कॅलिब्रेशनचे डेटाबेस बदलतात, रिस्पॉन्स फाइल (उपकरण कोणत्या ऊर्जेला किती प्रतिसाद देतं त्याच्या) नव्याने बनवल्या की मॉडेल काउंटमध्ये बदलताना वेगळं वळतं, शेर्पाच्या आवृत्त्या बदलतात. प्रबंधात छापलेल्या चित्रामागचे आकडे छापले त्या दिवशीचे हवेत. स्क्रिप्ट हवीच, आकडेही हवेत, आणि आकड्यांसोबत कोणत्या आवृत्तीने काढले हेही हवं.

मी अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अंतराळ वेधशाळेच्या डेटावर एक्सस्पेक या दुसऱ्या फिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथली पद्धत सांगून ठेवतो, उद्या कुणी हा धागा शोधत येईल त्याला उपयोग होईल. एक्सस्पेकमध्ये रेसिड्युअल साठवण्याची सरळ आज्ञा नाही, प्लॉटमधून काढावे लागतात. आधी सेटप्लॉट एनर्जी, नाहीतर एक्स अक्षावर चॅनलचे क्रमांक येतात. मग आयप्लॉट डेलकाय, आणि आत गेल्यावर डब्ल्यूडेटा आणि फाइलचं नाव. क्यूडीपी नावाची मजकूर फाइल तयार होते. रकाने: ऊर्जा, बिनची निम्मी रुंदी, किंमत, एरर. डेलकायच्या फाइलमध्ये एररचा रकाना सगळीकडे १ दिसेल. तो बरोबर आहे, कारण आपण आधीच एररने भागलंय. एकाहून जास्त स्पेक्ट्रम असतील तर मध्ये नो नो नो अशी ओळ येते, तिथे एकाचे आकडे संपून दुसऱ्याचे सुरू होतात. पायथनमध्ये अ‍ॅस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या लायब्ररीचा टेबल.रीड ही फाइल थेट वाचतो, फॉरमॅट एस्की.क्यूडीपी सांगायचा.

एक धोका. सेटप्लॉट रीबिन लावलेलं असेल तर डब्ल्यूडेटा त्या जाड केलेल्या बिंदूंची फाइल लिहितं. फिट मात्र मूळ बिनवरच झालेला असतो. चित्र छान दिसावं म्हणून रीबिन लावलं आणि त्याच अवस्थेत फाइल काढली, तर काय-स्क्वेअर (डेलकायच्या वर्गांची बेरीज) त्या फाइलवरून पुन्हा मोजता येणार नाही.

---

कासचा_वारा (सातारा)

मी दृश्य प्रकाशातला, छोटी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या मागे असतो. एक्स-रेमधलं मला कळत नाही, पण पोवईनाका म्हणतात ते पटलं नाही म्हणून लिहितोय.

रेसिड्युअल फिटच्या शेजारी ठेवून पाहायचे, बरं दिसलं की पुढे जायचं, हा त्यांचा अर्धाच उपयोग आहे. फाइलमध्ये असले की ते दुसऱ्या कशाच्याही विरुद्ध मांडता येतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

गेल्या हिवाळ्यात डेल्टा स्कूटी प्रकारच्या एका ताऱ्याची रात्रभर मोजणी घेतली. दोन साइन लाटांचं मॉडेल बसवलं. वेळेच्या विरुद्ध मांडले तर रेसिड्युअल मध्यरात्रीनंतर हळूहळू एका बाजूला वाकत होते. वाटलं, तिसरी एखादी मंद लाट असेल. पण अ‍ॅस्ट्रोपायने फाइल लिहिताना मी दर ओळीत वेळेसोबत एअरमास (प्रकाश किती हवेतून आला त्याचं माप), ताऱ्याची प्रतिमा चिपवर कोणत्या पिक्सेलवर होती ते, पार्श्वभूमीचा प्रकाश आणि कॅमेऱ्याचं तापमान असे रकाने ठेवतो. तेच रेसिड्युअल एअरमासच्या विरुद्ध मांडले आणि बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. तुलनेचा तारा (ज्याच्याशी तेज ताडून बघतो तो) माझ्या ताऱ्यापेक्षा जास्त तांबडा होता. तारा पश्चिमेला कलला की हवेचा थर वाढतो, हवा निळा प्रकाश जास्त खाते, म्हणून माझा तारा तुलनेत मंद होत गेला. तिसरी लाट नव्हतीच, वातावरण होतं. तुलनेचा तारा बदलून सारख्या रंगाचा घेतला आणि वाकणं गेलं.

हे स्क्रिप्ट पुन्हा चालवून कळलं नसतं असं नाही. पण आकडे सगळ्या सोबत्यांसह हाताशी असले की माणूस मांडून बघतो. नसले की नाही बघत.

फॉरमॅट म्हणून मी ईसीएसव्ही वापरतो. साध्या सीएसव्हीसारखीच मजकूर फाइल, पण वरच्या भागात प्रत्येक रकान्याचं एकक आणि स्वतःच्या टिपा राहतात. एक्सेलवाल्यांनाही उघडता येते.

---

मिरजवाली (सध्या पुणे)

कासचा_वारा यांच्या पोस्टला अनुमोदन. आमच्या क्षेत्रात तर रेसिड्युअल हाच डेटा आहे.

मी पल्सार टायमिंगवर काम करते. पल्सारच्या (फिरताना नियमित स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्याच्या) स्पंदांची वेळ मॉडेलवरून आधी सांगता येते: स्वतःभोवती फिरण्याचा वेग, तो किती मंदावतोय, आकाशातलं स्थान, जोडीदार असेल तर त्याची कक्षा. प्रत्यक्ष आलेली वेळ वजा मॉडेलने सांगितलेली वेळ हा टायमिंग रेसिड्युअल. टेम्पो२ सारखी सॉफ्टवेअर आधी फिट करतात आणि दर निरीक्षणाची वेळ, रेसिड्युअल आणि एरर मजकुरात काढून देतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यावरून भारतीय पल्सार टायमिंग गट अशी निरीक्षणं करतो. जून २०२३ मध्ये जगातल्या अशा वेगवेगळ्या गटांनी नॅनोहर्ट्झ (एका हेलकाव्याला वर्षानुवर्षं लागणाऱ्या) गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले, युरोपीय गटासोबत त्यात आपला गटही होता. तो पुरावा एका पल्सारच्या रेसिड्युअलमध्ये दिसत नाही. अनेक पल्सार दोन-दोन करून घ्यायचे आणि आकाशात त्यांच्यातला कोन बदलतो तसं त्यांच्या रेसिड्युअलचं परस्परांशी नातं कसं बदलतं ते पाहायचं. ते नातं कोणत्या वक्रावर बसावं हे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच काढून ठेवलं होतं. वर्षानुवर्षांचे रेसिड्युअल नीट साठवलेले नसते, तर त्या वक्रावर ठेवायला काहीच नसतं.

विश्रामबागकर, तुझ्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट: फाइलच्या पहिल्या ओळीत चिन्ह लिही. डेटा वजा मॉडेल की मॉडेल वजा डेटा? शेर्पा आणि एक्सस्पेक डेटा वजा मॉडेल घेतात. पण फिटिंगच्या काही लायब्ररी उलटं घेतात, आणि दोन ठिकाणच्या फाइली शेजारी ठेवल्या की एकात उंचवटा, दुसऱ्यात खड्डा. उत्सर्जन रेषा आणि शोषण रेषा यांची अदलाबदल व्हायला एवढं पुरतं.

---

विश्रामबागकर

बाप रे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दोन शंका आहेत.

१) वजाबाकीच्या आधी मी सब्ट्रॅक्ट करून पार्श्वभूमी काढली होती. फाइलमधले रेसिड्युअल त्यानंतरचे आहेत ना?

२) एका मैत्रिणीने सांगितलं की काउंट कमी असतील तर काय-स्क्वेअर नको, सीस्टॅट वापर. वापरलं तर शेर्पा इशारा देतं की दाखवलेले एरर फिटमध्ये वापरलेले नाहीत. मग डेलकायला काय अर्थ राहिला?

---

तासगावचा_अनिल

१) हो. सब्ट्रॅक्ट केल्यावर डेटा म्हणजे पार्श्वभूमी काढलेला डेटा, फरक त्याचाच. फाइलमध्ये तसं नमूद कर.

२) मैत्रिणीचं बरोबर आहे. इशाराही बरोबर आहे. सीस्टॅट पॉइसन (एकेक करून मोजलेल्या घटनांच्या) गणितावर चालतं, त्याला दर बिनचा एरर लागतच नाही. पण चित्र काढायला शेर्पाला कुठून तरी एरर लागतो, म्हणून तो वेगळ्या पद्धतीने काढून दाखवतं. म्हणजे डेलकायचा रकाना नजरेने पाहण्यापुरता ठीक, त्यांचे वर्ग करून बेरीज घेतली तर तुझ्या फिटची किंमत येणार नाही. सीस्टॅट वापरायचं तर पार्श्वभूमी वजा करू नये. वजा केल्यावर आकडे पॉइसन राहत नाहीत. पार्श्वभूमीचंही मॉडेल बसवायचं.

आता तुझ्या उंचवट्याबद्दल, कारण मला तोच जास्त खुणावतोय. नेमका कुठे आहे?

---

विश्रामबागकर

दोन्ही निरीक्षणांत ६.२ च्या आसपास. पहिल्यात ठळक, दुसऱ्यात थोडा कमी.

---

तासगावचा_अनिल

मग गणित करून बघ. कमी आयनित लोखंडाची के-अल्फा रेषा स्रोतापाशी ६.४ केईव्हीला असते. रेडशिफ्ट ०.०३, म्हणजे ६.४ भागिले १.०३, साधारण ६.२१. जागा चपखल बसते.

तरी लगेच गॉशियन (रेषेसाठीचा घंटेच्या आकाराचा वक्र) जोडू नकोस. आधी असं कर: ५ ते ७ केईव्हीचा भाग इग्नोर करून फक्त उरलेल्या पट्ट्यावर पॉवर लॉ बसव. मग तो भाग नोटीसने परत घे, पण पुन्हा फिट करू नकोस, आणि या अवस्थेत फाइल साठव. सगळ्या पट्ट्यावर फिट केलं की पॉवर लॉ त्या उंचवट्याकडे थोडा ओढला जातो आणि उंचवटा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. पोवईनाका म्हणाले ना, लपवलेला भाग फाइलमध्ये जात नाही, म्हणून नोटीस विसरू नकोस, नाहीतर नेमका तोच भाग गायब.

दुसरं, रेसिड्युअलमधला प्रत्येक उंचवटा आकाशातला नसतो. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एसएक्सटी या एक्स-रे दुर्बिणीमध्ये १.८ आणि २.२ केईव्हीच्या आसपास आम्हाला कायम दातेरी रेसिड्युअल दिसतात. पहिलं डिटेक्टरमधल्या सिलिकॉनचं, दुसरं आरशांवरच्या सोन्याच्या मुलाम्याचं. चंद्राच्या आरशांवर इरिडियम आहे, त्याची शोषणाची कडा २ केईव्हीच्या किंचित वर येते. तुझ्या फाइलमध्ये तिथे काही दिसलं तर ते दीर्घिकेच्या नावावर मांडू नकोस. ओळखायची एक खूण आहे: उपकरणाचे दोष कुठल्याही स्रोतात त्याच ऊर्जेला दिसतात, स्रोतातली रेषा मात्र रेडशिफ्टप्रमाणे सरकते. त्याच डिटेक्टरचं वेगळ्या रेडशिफ्टच्या दीर्घिकेचं एखादं निरीक्षण घेऊन त्याचेही रेसिड्युअल साठव आणि शेजारी ठेव.

---

मिरजवाली

आणि रेषा जोडल्यावर ती खरी आहे हे दाखवायला एफ-टेस्ट (मॉडेलमध्ये भर घातल्यावर फिट खरंच सुधारला का ते तपासणारी चाचणी) लावू नकोस, अनेक जुन्या पेपरांत दिसेल तरी. रेषेची तीव्रता शून्याच्या खाली जात नाही असं धरलं की शून्य ही परवानगीच्या हद्दीवरची किंमत होते, आणि तिथे त्या चाचणीचं गणित लागू पडत नाही. २००२ मध्ये प्रोटासोव्ह आणि सहकाऱ्यांनी हे सविस्तर दाखवलं आहे. त्याऐवजी रेषा नसलेल्या मॉडेलवरून खोटे स्पेक्ट्रम तयार करायचे आणि निव्वळ योगायोगाने एवढी सुधारणा कितीदा मिळते ते मोजायचं. शेर्पात प्लॉट_पीव्हॅल्यू हेच करतं.

---

माहुलीकर

अनिलराव लपवलेल्या भागाबद्दल बोलले, त्यावरून एक इतिहास सांगतो. विषयाला धरूनच आहे.

युरेनसचा शोध १७८१ चा. पण त्याआधीही काही निरीक्षकांनी त्याला तारा समजून नोंदवून ठेवलं होतं. १८२१ मध्ये बुव्हार यांनी युरेनसच्या स्थानांचे तक्ते केले, तेव्हा जुन्या आणि नव्या नोंदी एकाच कक्षेत बसेनात. त्यांनी जुन्या नोंदी बाजूला ठेवल्या आणि फक्त नव्यांवर कक्षा बसवली. आजच्या भाषेत इग्नोर केल्या. पण त्यांनी ते उघडपणे लिहून ठेवलं, आणि हा दोष जुन्या नोंदींचा की ग्रहावर एखादा अज्ञात परिणाम होतोय हे पुढच्या काळावर सोडलं. पुढे नव्या नोंदीही तक्त्यांपासून ढळू लागल्या. ल व्हेरिए यांनी त्याच फरकांवरून अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गाले यांना तो एका अंशाच्या आत सापडला. नेपच्यून.

बुव्हार यांनी काय वगळलं ते लिहिलं नसतं तर पुढच्यांना ते फरक जुळवताच आले नसते. म्हणून बेटा, कोणता पट्टा घेतला, कोणता वगळला, हे तुझ्या फाइलच्या डोक्यावर असलंच पाहिजे. रेसिड्युअलच्या फाइलीला त्याशिवाय किंमत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

---

पोवईनाका

सर, नेपच्यूनपुढे मी काय बोलणार. आकडे साठवा, मान्य. पण मग माझी अट: फाइल हाताने नाही, स्क्रिप्टनेच लिहायची, आणि हेडरही स्क्रिप्टनेच भरायचा, म्हणजे आवृत्ती आणि पट्टा यांची नोंद राहून जात नाही. फिट्स असेल तर हिस्टरी आणि कॉमेंट या ओळी त्यासाठीच असतात, मजकूर फाइल असेल तर वर हॅश लावून ओळी.

---

गॅलॅक्सीप्रेमी (इस्लामपूर)

मध्येच विचारतो, माफी असावी. माझं काम स्पेक्ट्रमचं नाही, प्रतिमांचं. दीर्घिकेच्या फोटोवर द्विमितीय मॉडेल बसवतो. रेसिड्युअलची प्रतिमा हवी.

---

पोवईनाका

शेर्पात असशील तर तेच सेव्ह_रेसिड. डेटा प्रतिमा असेल तर तेवढ्याच आकाराची फिट्स प्रतिमा लिहिली जाते, डीएस-नाईन या प्रतिमा पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघड. सेव्ह_डेलकाय मात्र प्रतिमांवर चालत नाही.

गॅलफिट (दीर्घिकेच्या प्रतिमेवर मॉडेल बसवणारा प्रोग्रॅम) वापरत असशील तर वेगळं काही करायची गरजच नाही. त्याच्या आउटपुट फाइलमध्ये एकामागे एक मूळ प्रतिमा, मॉडेल आणि रेसिड्युअल असे तीन थर असतात. तिसरा थर उघडायचा.

---

कासचा_वारा

गॅलफिटचा तिसरा थर पाहताना स्केल हाताने ठेवा, आपोआप ठेवू नका. मधल्या गाभ्यात काही पिक्सेल फार मोठे असतात, त्यांच्यापुढे बाहेरच्या सर्पिल भुजांचा फरक दिसतच नाही.

---

विश्रामबागकर

मंडळी, काम झालं. आता फाइलच्या डोक्यावर एवढं आहे (ही ओळींची प्रत, नावं मराठीत करून):

# डेटा वजा मॉडेल. पार्श्वभूमी वजा केलेली
# एकक: ऊर्जा केईव्ही, रेसिड काउंट/सेकंद/केईव्ही, डेलकाय एककाशिवाय
# पट्टा ०.५ ते ७. फिट करताना ५ ते ७ वगळला, साठवताना परत घेतला, पुन्हा फिट नाही
# ग्रुपिंग: निदान १५ काउंट, स्टॅटिस्टिक काय-स्क्वेअर
# मॉडेल आणि त्याच्या किंमती. चाओ, शेर्पा आणि कॅलिब्रेशन डेटाबेसच्या आवृत्त्या
# ऊर्जा, रुंदी, रेसिड, एरर, डेलकाय, रेशो

दोन्ही निरीक्षणांच्या फाइली एकाच स्क्रिप्टने काढल्या. ग्रुपिंग वेगवेगळं असल्यामुळे बिन तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून ओळीला ओळ वजा न करता दोन्ही एकाच चित्रात मांडल्या. ६.२ चा उंचवटा दोन्हींत आहे. २ केईव्हीच्या वर एक छोटा दातासारखा फरकही दोन्हींत आहे, तो आता कशाचा असू शकतो हे माहीत आहे. सरांनी फाइल पाहिली, हेडर वाचला आणि पहिल्यांदा काही न विचारता आकडे बघायला घेतले. आता दुसऱ्या दीर्घिकेचा डेटा उतरवतेय, अनिलदादांनी सांगितल्याप्रमाणे तुलनेसाठी.

एक राहिलं: पहिल्या निरीक्षणातला उंचवटा मोठा आणि दुसऱ्यातला कमी, यावरून रेषा बदलली असं म्हणू का?

---

तासगावचा_अनिल

रेसिड्युअलवरून नाही. दोन निरीक्षणांचा कालावधी आणि काउंट वेगळे असतील तर डेलकाय आपोआप वेगळं येतं, रेषा तीच असली तरी. दोन्ही स्पेक्ट्रम एकत्र लोड कर, दोघांना गॉशियन जोड, रेषेची जागा आणि रुंदी दोघांत एकच बांधून ठेव, तीव्रता मोकळी सोड, आणि तिच्या मर्यादा कॉन्फ आज्ञेने काढ. मर्यादा एकमेकांत शिरत असतील तर बदल म्हणू नकोस. तेव्हाही रेसिड्युअल साठव, रेषा जोडल्यानंतरचे. ६.२ पाशी काही उरलं नाही ना, आणि ६.५ च्या आसपास नवीन काही दिसत नाही ना, तेवढं बघ. जास्त आयनित लोखंडाची रेषा ६.७ ला असते, ती तुझ्याकडे ६.५ ला येईल.